नदीवरून माल नेला, तर जमीन वाचेल का?

(सुरगाणा येथील बैठकीतलं भाषण)



सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी आपल्या तालुक्यातून झाली, तेव्हापासून गावोगाव एक प्रश्न निघतो. मालाच्या ट्रकांसाठी आमची जमीन कशाला? पाण्यातून न्या ना! प्रश्न चांगला आहे. नीट समजून घेऊ.

जलमार्गवाल्यांचा हिशेब असा: एका अश्वशक्तीने रस्त्यावर 150 किलो माल हलतो, रुळावर 500 किलो, पाण्यावर 4000 किलो. म्हणजे तेल कमी, धूर कमी. हे नाकारायचं कारण नाही. 2016 च्या कायद्यानंतर देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यात खानदेशातली तापी आहे, रायगडची अंबा आहे, गोव्याची मांडवी आणि झुआरी आहे.

पण बार्जला खोल, संथ पाणी लागतं. अंबा नदीच्या धरमतर खाडीत ते भरतीने मिळतं. तरी असल्या ठिकाणी गाळ उपसावा लागतो. उपसला की तळ ढवळतो, पाणी गढूळ होतं, माशांची अंडी-पिल्लं मरतात. बार्जच्या लाटांनी काठ खचतो. धूर कमी झाल्याचा फायदा सगळ्यांना, नुकसान मात्र काठावरच्या कोळ्याला.

आता आपली नार-पार बघा. पावसाळ्यात दगड-धोंडे लोटते, होळीनंतर डोहापुरती उरते. तिच्यात बोट कशी चालेल? पाणी अडवल्याशिवाय नाही. पाणी अडवणं म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाच्या आराखड्यात सात धरणं होती, त्यातलं एक पार नदीवर, आपल्याच जिल्ह्यात. रस्त्यात शेताची पट्टी जाते, धरणात गावच जातं.

म्हणून आपलं म्हणणं सरळ आहे. जिथे मुळात खोल पाणी आहे, तिथे मच्छीमारांना विचारून माल न्या. पर्यावरणाचा हिशेब करताना नुसतं डिझेल मोजू नका. मासळी, काठ, शेत, जंगल, सगळं मोजा. आणि डोंगरात रस्ता असो की धरण, 1996 चा पेसा कायदा भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करायला सांगतो. तो कागदावर उरकू देऊ नका.

वनहक्काचा दावा मंजूर असो की प्रलंबित, मोजणीला स्वतः हजर राहा. घरातल्या बाईलाही न्या. मोह, आंबा, साग, विहीर, बांध, सगळं पंचनाम्यात लिहून घ्या, नक्कल मागा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

जोहार!