‘आमची’ भाकर

रात्रीं जेवणाचीं पानें मांडलीं म्हणजे ख्रिस्ती कुटुंबांत क्षणभर सर्व जण डोळे मिटतात. प्रभु येशूनें शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तींत भाकरीचें एक लहानसें मागणें आहे. मूल बोलूं लागलें कीं तें त्याला पाठ होतें. आणि पाठ झालेल्या शब्दांचें जें पुष्कळदां होतें, तेंच याचेंहि होतें. ओठ शब्द उच्चारीत राहतात आणि मन आमटींत मीठ कमी पडलें काय, या विचारांत असतें. वास्तविक हें मागणें मोठें विचार करण्याजोगें आहे. त्यांत धान्याचें कोठार मागितलेलें नाहीं, नातवंडांची बेगमी मागितलेली नाहीं. केवळ आजची भाकर मागितली आहे. शिवाय ती मागतांना ‘माझी’ हा शब्द येत नाहीं, ‘आमची’ हा येतो. दाराला कडी लावून एकट्यानें प्रार्थना केली, तरीहि हा शब्द एकवचनी होत नाहीं.

या ‘आमची’ शब्दांत कोणाकोणाचा समावेश होतो? मोशेच्या नियमशास्त्रांत याचें उत्तर फार पूर्वींच दिलेलें आहे. शेत कापतांना कडेचें पीक तसेंच राहूं द्यावें, विसरून राहिलेली पेंढी आणावयास परत जाऊं नये. तें सारें परक्याचें, पोरक्याचें व विधवेचें आहे, अशी ती आज्ञा आहे. तिचें कारणहि तेथेंच सांगितलें आहे. इस्राएल लोक स्वतः एके काळीं मिसर देशांत दास होते, त्याची आठवण त्यांनीं ठेवावयाची होती. म्हणजे दुसऱ्याच्या भुकेची जाणीव स्वतःच्या जुन्या दुःखाच्या आठवणींतून यावी, असा या आज्ञेचा रोख आहे.

ही आठवण कशी फळास येते, हें पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत दिसतें. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह क्षेत्रोक्षेत्रीं पुराण सांगत फिरत असत. दक्षिणेंत दुष्काळाचे दिवस आले तेव्हां जवळचें होतें नव्हतें तें संपलें. विद्वान घराण्याला मजुरी करण्याची माहिती नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. पाण्यावर आणि झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ सालीं वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणहि गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघें भावंडें मागें राहिलीं.

पुढें १८८३ सालीं इंग्लंडांत रमाबाईंनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद माजला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार त्या संस्थेपासून दूर झाले. त्या वादाची दोन्ही अंगें इतिहासांत नमूद आहेत. परंतु १८९६–९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां रमाबाई स्वतः तेथें गेल्या, हेंहि तितकेंच नमूद आहे. तेथल्या अन्नछत्रांत आणि रस्त्यांच्या कडेला त्यांना ज्या अनाथ मुली व तरुण विधवा भेटल्या, त्यांच्या चेहऱ्यांत स्वतःचेंच बाळपण त्यांना दिसलें असलें पाहिजे. त्या मुलींना घेऊन त्या परतल्या. पुण्यांत प्लेगचे दिवस होते. इतक्या मुलींना शहरांत ठेवण्याची सोय राहिली नाहीं. तेव्हां पुण्याच्या पूर्वेस, आगगाडीच्या वाटेवर केडगांव येथें पूर्वीं घेतलेल्या शेतजमिनींत त्यांना नेलें. त्यांतून ‘मुक्ति’ ही संस्था उभी राहिली. तेथें विहिरी खणल्या गेल्या. मुली शेतकाम, विणकाम आणि छापखान्याचें कामहि शिकल्या. जिला एके काळीं मजुरी ठाऊक नव्हती, तिनें शेंकडो मुलींना स्वकष्टाची भाकर मिळविण्यास शिकविलें. १९२२ सालीं रमाबाई निवर्तल्या. केडगांवचें काम पुढेंहि चालूं राहिलें.

आठवण बुजली म्हणजे काय होतें, हें १९४३ सालीं बंगालनें पाहिलें. त्या दुष्काळांत २० ते ३० लाख माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. कलकत्त्याच्या दुकानांत तांदूळ होता आणि दुकानांसमोरच्या रस्त्यावर माणसें मरून पडत होतीं. लहानपणीं हा प्रसंग पाहिलेले अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, धान्याची टंचाई हें त्या अनर्थाचें मुख्य कारण नव्हतें. भाव चढले आणि मजुराच्या हातीं तें विकत घेण्याचें सामर्थ्य उरलें नाहीं. अरण्यांतील इस्राएल लोकांची गोष्ट येथें आठवते. रोज सकाळीं मिळणारा मान्ना ज्यांनीं दुसऱ्या दिवसासाठीं दडवून ठेवला, त्यांच्या भांड्यांत किडे पडले. बंगालच्या साठेबाजांच्या कोठारांत किडे पडले नसतील. परंतु त्या धान्याची किंमत कोणीतरी जिवानें भरली.

साठेबाजाला नांवें ठेवणें सोपें असतें. सुखवस्तु गृहस्थाच्या स्वयंपाकघरांतहि या शब्दाची परीक्षा रोज होत असते. भांडीं घासणारी मोलकरीण दुपारीं येते. तिच्यासाठीं कालची पोळी व उतरलेली भाजी निराळी काढून ठेवलेली असते, आणि ती देतांना आपण दान केलें असें घरच्यांस वाटतें. नियमशास्त्रानें परक्यासाठीं राखावयास सांगितलेलें कडेचें पीक मात्र शिळें नव्हतें. तें त्याच शेतांतलें, त्याच हंगामाचें धान्य होतें.

एखाद्या घरची गृहिणी सकाळीं कणीक मळतांना मूठभर अधिक घेते आणि दुपारीं त्या बाईला गरम पोळी वाढून दोन घटका बसावयास सांगते. त्या घरीं रात्रीं डोळे मिटून तें मागणें म्हटलें जातें, तेव्हां ‘आमची’ हा शब्द खरा असतो.