सांचीच्या तोरणावरील यवन व त्यांचें खांद्यावरचें वस्त्र



आजचा आमचा विषय एका कापडाच्या तुकड्याचा आहे. ग्रीक लोक त्यास क्लामिस म्हणत. लोकरीचें लांबचौकोनी कापड. त्याला शिवण नाहीं, बाही नाहीं. तें डाव्या खांद्यावरून घ्यावयाचें व कडा उजव्या खांद्यावर धातूच्या आंकड्यानें अडकवावयाच्या, म्हणजे तलवारीचा हात मोकळा राहतो. शिपाई, घोडेस्वार व वाटसरू यांचें हें वस्त्र. आपल्या धनगराची घोंगडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस अधिक सांगणें नको; मुख्य फरक त्या आंकड्याचा. (कोणीं कोणाचें घेतलें हा वाद आम्ही उकरीत नाहीं. मेंढरें जेथें आहेत तेथें घोंगडी सुचणारच.) बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजांच्या नाण्यांवर राजाच्या गळ्याशीं याच वस्त्राच्या चुण्या दिसतात.

आतां सांचीस चला. थोरल्या स्तूपाच्या उत्तर तोरणाच्या एका खांबावर स्तूपपूजेचा देखावा कोरलेला आहे. शेजारच्या चित्रांतील आपले लोक पाहा: उघडें अंग, धोतर, उपरणें, डोक्यास भलें मोठें पागोटें. येथें मात्र आंखूड अंगरखे, कुरळ्या केसांभोंवतीं पट्टी, एकाच्या डोक्यास टोंकदार टोपी, पायांत उंच बांधलेलीं पायताणें आणि खांद्यांवर आंखूड प्रावरण. कोणी जोडपांवा वाजवतो, कोणी ढोल, कोणी जनावराच्या तोंडाचें लांब शिंग फुंकतो. कोणी विद्वान् त्यांस ग्रीक म्हणतात, कोणी वायव्येकडील दुसरे परकीय. तें प्रावरण छातीवर गांठलेलें आहे, उजव्या खांद्यावर नाहीं. तेव्हां तें अस्सल क्लामिस आहे असें म्हणण्यापेक्षां त्याचें भावंड म्हणणें बरें. बुद्धमूर्तीच्या संघाटीस मात्र कोणी क्लामिस म्हणूं नये. ती भिक्षूची अंगभर चादर; तिचें गांधारांतील रूप ग्रीकांच्या दुसऱ्याच वस्त्राशीं, हिमातिओनशीं, ताडून पाहतात.

आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें असें. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत यवन हे क्रिया सुटल्यामुळें व ब्राह्मणांचें दर्शन न घडल्यामुळें वृषलत्वास गेलेले क्षत्रिय म्हणून सांगितले आहेत. सांचीच्या पाथरवटानें असा कांहीं दाखला मागितला नाहीं. त्यानें त्यांस धोतर नेसविलें नाहीं, पागोटें बांधलें नाहीं. आले तसे स्तूपाशीं उभे केले, वाजंत्र्यांसह. तेथील दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचें नांव कोरलेलें आहे. म्हणजे या कामांत सातवाहनांच्या पदरच्या कारागिरांचा हात होता, आणि तें राजघराणें आपल्या महाराष्ट्राचें.

याच महाराष्ट्रांत कार्ल्याच्या चैत्यांतील कांहीं खांब धेनुकाकटच्या यवनांनीं दिले. नांवें पाहावीं तर धम्म, सिहधय! नाशिकच्या लेण्यांत उत्तरेकडून आलेला योनक इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, आईबापांच्या पुण्यासाठीं लेणें कोरवितो. हीं नांवें ऐकून कोणी परका ओळखेल काय? ‘यवन’, ‘योनक’ हा शब्द त्यांनीं स्वतःच लिहविला, म्हणून आज आपणांस कळतें. सांचीस नांव नाहीं, वस्त्र आहे. कार्ल्यास वस्त्र नाहीं, नांव आहे. दोन्ही ठिकाणीं त्यांना आपलें मूळ लपवावें लागलें नाहीं.

कार्लें येथून दूर नाहीं. चैत्यांत शिरलांत म्हणजे कमानीकडे पाहून झाल्यावर खांबांजवळ जा आणि तीं अक्षरें मुलांना दाखवा.