पाणी कुठवर येतं इथं?

आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, आणि ज्या गावावरून हे नाव पडलं ते घोड नदीकाठचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. माझी आत्या त्या गावची. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. मग आत्या काठावर जाऊन बसते.

मागे तिला कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर नेलं होतं. तिथं ‘सिद्धगिरी ग्रामजीवन’ नावानं जुनं खेडं उभं केलं आहे. माणसं सिमेंटची, पण जिवंत वाटावीत अशी. कुंभार चाकावर बसलेला, लोहाराचा भाता, झाडाखाली न्हावी, विहिरीवर बायका. शाळेची पोरं ‘बारा बलुतेदार’ मोजत होती. परीक्षेपुरता पाठ केलेला शब्द त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होता. ही काही लहानसहान गोष्ट नाही.

आत्या मात्र जात्यापाशी थांबली. खुंट्याकडं बघून म्हणाली, “गुळगुळीत न्हाय झाला आजून.” पुढं एका घराच्या ओसरीकडं बराच वेळ पाहत राहिली आणि तिथल्या रखवालदाराला विचारलं, “दादा, पाणी कुठवर येतं हितं?” त्याला काही उमगेना. मी सांगितलं, “आत्या, इथं पाणी येत नाही. हे गाव बारमाही असंच असतं.” ती म्हणाली, “मंग बरं हाय ह्यांचं.”

परतताना मी गाडीत बलुत्याचं कौतुक करू लागलो. कामागणिक पैसे नाहीत. वर्षभर नांगराचा फाळ शेवटायचा, केस कापायचे, चपला सांधायच्या आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. किती छान व्यवस्था! आत्यानं मला मध्येच थांबवलं. “वाटा मोजणारा येगळा आन् पदर पसरणारा येगळा. तू खळ्यावर हुबा राहिला न्हाईस.” पुढं त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ पुन्हा चाळलं. त्यांनीही त्या व्यवस्थेची दुखणी झाकलेली नाहीत. कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरणार, कुणाचं घर गावाबाहेर, हेही त्याच गावाचं अंग होतं. सिमेंटचा पुतळा हत्यार दाखवतो. भूक आणि अपमान त्याला दाखवता येत नाहीत. ते सांगायला माणूसच लागतो.

आणि काही चांगल्या गोष्टीही पुतळ्यांत मावत नाहीत. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजात ‘पडकई’ चालत आली आहे. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून एकाच्या उतारावर दगडाचे बांध घालून भातखाचर तयार करायचं. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. अलीकडं रोजगार हमीतूनही अशी कामं झाली. एक माणूस वाकलेला दाखवता येईल, पण उद्या तो कुणाकडं जाणार, हे कसं दाखवणार?

शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री बघायला लोक लांबून येतात. त्या दगडांना राखणारे आहेत. बुडालेल्या गावांचा ठेवा म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं एकेक करून जात आहेत. म्हणून विनंती एवढीच, की आपल्या घरातल्या आजीला, आत्याला गाव विचारा. घरांची रांग, विहिरींची नावं, शेतांची नावं, आणि कुणाला कुठं जायला मज्जाव होता, तेही.

कणेरीहून आल्यावर मी एक शंभरपानी वही घेतली. आत्या डोळे मिटते आणि वेशीपासून चालू लागते. या घरात कोण, त्याच्या शेजारी कोण, कुणाच्या परड्यात शेवगा होता. मी लिहीत जातो. अकरा पानं भरली आहेत. खालची आळी अजून राहिली आहे.