श्रमदान आणि हजेरीपट



1 ऑक्टोबर 2023, रविवार. गांधी जयंतीच्या आदल्या दिवशी देशभर 'एक तारीख, एक तास' अशी हाक दिली गेली होती. सकाळी दहाला माणसं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. त्याच चोवीस तासांत नांदेडजवळ विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. दोन दिवसांनी एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि ते दृश्य देशभर दाखवलं गेलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत किती पदं रिकामी आहेत, हा प्रश्न तिथं विचारला गेला.

माझ्या मते खरा प्रश्न न्यायालयानं विचारलेलाच होता. इतक्या मोठ्या दवाखान्यातलं स्वच्छतागृह दिवसातून कितीतरी वेळा धुवावं लागतं. त्यासाठी माणूस लागतो, त्याचं नाव हजेरीपटावर लागतं आणि त्याचा पगार वेळेवर व्हावा लागतो. अधिष्ठात्यांच्या हाती ब्रश दिल्यानं हजेरीपटावरची रिकामी ओळ भरत नाही.

श्रमदानाविषयी माझ्या मनात आदरच आहे. आपल्या लातूर-नांदेड भागातल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. 2016 चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, 144 कलम. पाण्याच्या टाकीवर पोलिसांचा पहारा बसला. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याच एप्रिलमध्ये शहरानं 'जलयुक्त लातूर' म्हणून वर्गणी काढली. व्यापारी, डॉक्टर, वकील, नोकरदार, ज्याला जमलं त्यानं दिलं. मांजरा नदीचं साई ते नागझरीपर्यंतचं सुमारे अठरा किलोमीटरचं पात्र लोकांच्या पैशातून रुंद आणि खोल झालं. त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा धरण भरलं. आज लातुरात 'ग्रीन लातूर वृक्ष टीम'ची मंडळी पहाटे रस्त्यावर दिसतात, झाडं लावतात, आळी करतात, कचरा उचलतात. यांच्या कामाला मी मनापासून नमस्कार करतो.

पण नदीत पुन्हा गाळ येतो. रस्त्यावर उद्या पुन्हा कचरा पडतो. वर्गणी दरवर्षी निघत नाही आणि ती निघावी अशी अपेक्षाही करू नये. रोजचं काम रोजंदारीनं, कंत्राटानं, आज हा तर उद्या तो, अशा माणसांवर चालतं तेव्हा काय होतं ते घंटागाडीची वाट पाहणाऱ्या कुठल्याही घरातल्या बाईला विचारा. गाडी दोन दिवस आली नाही की आपण कामगाराला दोष देतो. त्याचा पगार किती महिने थकला आहे, त्याला हातमोजे आणि बूट मिळाले का, मुकादमाकडे मंजूर माणसं किती आणि कामावर हजर किती, हे मात्र आपण विचारत नाही.

सुरक्षेचंही असंच आहे, आणि इथं हयगय झाली की जीव जातात. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. गणेश विसर्जन आटोपून किल्लारी आणि आसपासची गावं झोपली होती. भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. पहिल्या काही तासांत माती उपसणारे हात गावातल्या आणि शेजारच्या गावातल्या माणसांचेच होते. बत्तीस वर्षांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, मुखेड तालुक्यात ढग फुटावेत तसा पाऊस झाला. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरलं. राज्य आपत्ती प्रतिसाद दल आलं, लष्कराची तुकडीही बोलवावी लागली. जवानांनी चांगलं काम केलं. पण नकाशा पाहा. राज्याच्या दलाच्या कंपन्या धुळ्याला आणि नागपूरला, राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ. पाणी अनेकदा रात्रीच चढतं. बोट येईपर्यंतच्या तासांत गावात कोण असतं? सरपंच, कोतवाल, पोलीस पाटील आणि पोहता येणारी चार पोरं.

पोलीस पाटील हे नाव उच्चारलं की अनेकांना जुन्या काळातली पगडी आठवते. प्रत्यक्षात 1967 च्या कायद्यानं हे पद आहे. गावातल्या शांततेची, गुन्ह्याची, संशयास्पद मृत्यूची खबर तहसीलदारांना आणि पोलिसांना देणं हे त्याचं काम. 2024 मध्ये मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं, ते योग्यच झालं. पण पद रिकामं राहिलं की शेजारच्या गावच्या पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार जातो. त्या परगावच्या पाटलाला कसं माहीत असणार, ओढ्याकाठच्या कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे? कुठल्या घरात बाळंतीण आहे? पुराच्या रात्री याच माहितीवर जीव वाचतात. ही माहिती कोणत्याही ॲपमध्ये नसते, ती त्या गावात राहणाऱ्या माणसाकडेच असते.

माळेगावच्या खंडोबाची जत्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, गर्दी आवरायला आपण होमगार्डना बोलावतो. ते भत्त्यावर येतात, दिवसभर उभे राहतात आणि काम संपलं की घरी जातात. जत्रेपुरतं हे ठीक आहे. बारा महिन्यांची सुरक्षा मात्र अशी चालत नाही.

आता या सगळ्याचा जाब कोणाला विचारायचा? 2022 मध्ये लातूर आणि नांदेड-वाघाळा, दोन्ही महापालिकांची मुदत संपली. लातुरात 70 आणि नांदेडात 81 जागांवरचे नगरसेवक एकाच वर्षात घरी गेले आणि पुढची तीनहून अधिक वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. प्रशासक कितीही चांगला असला तरी रात्री अकराला तुंबलेल्या नाल्यासाठी त्याच्या दारात जाता येत नाही. नगरसेवकाच्या दारात जाता येतं. लोकांनी निवडलेली माणसं हवीत, ती एवढ्यासाठी.

आणि जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला आहेच. प्रत्येक नगरपालिकेचा आकृतिबंध ठरलेला असतो, म्हणजे मंजूर पदं किती, कोणत्या कामाची, हे कागदावर असतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयानं आपल्या अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची यादी कोणी न मागता जाहीर करायची असते. चाकूर, रेणापूर, अर्धापूर, हिमायतनगर, नगरपंचायत लहान असली तरी कायदा तोच. श्रमदान उरकलं की झाडू बाजूला ठेवा आणि ही यादी मागा. सफाई कामगार मंजूर किती, भरलेले किती? अग्निशमनाची गाडी आहे, पण रात्रपाळीचा चालक आहे का?

खेड्यात ग्रामसभा आहे. उठा आणि विचारा, आपल्या गावचं पोलीस पाटलाचं पद भरलेलं आहे का, नसेल तर किती दिवसांपासून रिकामं आहे आणि प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं हा प्रश्न आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घेतलं आहे ना, हे पाहूनच सही करा.