माळरानावरील पाहुणे आणि पाखरे

धारवाडच्या साधनकेरी तलावाकाठी ज्यांचे घर होते, ते वरकवि द. रा. बेंद्रे मातृभाषेने मराठी आणि काव्यभाषेने कन्नड. त्यांनी काळाला उडत्या पाखराचे रूप दिले. पाखरू म्हटले की उड्डाण, हे समीकरण कवीला शोभतेच. परंतु धारवाड-हुबळीच्या पूर्वेकडील वेस ओलांडून जो काळ्या रानात उतरतो, त्याला निराळ्याच पाखरांची ओळख होते. त्यांना पंख आहेत, पण त्यांचा सारा संसार जमिनीवर मांडलेला असतो. त्यांची अंडी ढेकळांत, पिले गवतात आणि रात्रीचा मुक्कामही बहुधा उघड्या मातीवरच. या पाखरांना पाहावयास जाणाऱ्याने दृष्टीइतकेच पावलालाही वळण लावले पाहिजे.

धारवाड हे दोन प्रदेशांच्या सीमेवर वसलेले गाव आहे. पश्चिमेस अळणावर-कलघटगीकडे निघाले की मलनाडाची झाडी सुरू होते. पुढे दांडेली आणि गणेशगुडीच्या रानात धनेश पाहावयास दूरदूरचे लोक येतात. पूर्वेस मात्र नवलगुंद, अण्णिगेरी आणि सवाई गंधर्वांमुळे मराठी रसिकांना परिचित असलेले कुंदगोळ, असा काळ्या जमिनीचा सपाट मुलूख पसरला आहे. तेथे पाऊस कमी, झाडे तुरळक. कापूस, जोंधळा, हरभरा, मिरची ही पिके. बांधावर बाभूळ नाही तर कडुनिंब. आणि अधूनमधून कोणाच्या तरी आळसामुळे वा अडचणीमुळे नांगरावयाचा राहून गेलेला गवताळ तुकडा. पुष्कळ वर्षे पक्षिप्रेमी या मुलखातून मोटारीच्या काचा वर करून जात असत. आता शेतावर पाहुणे ठेवण्याची प्रथा महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकातही रुजली आहे. एखाद्या शेतकऱ्याने चार खोल्या बांधाव्यात, जोंधळ्याची भाकरी, भरल्या वांग्याचे एण्णगाई आणि शेंगांची चटणी वाढावी आणि पहाटे पाहुण्यांना पाखरे दाखवावीत, हा उद्योग कोरडवाहू शेतीला मोठा आधार होऊ शकतो.

पाखरे तरी कोणती? हिवाळ्यात कझाकस्तानसारख्या दूरच्या गवताळ प्रदेशांतून भोवत्या येतो. तो पिकावरून अगदी खालून, डुलत डुलत फिरतो आणि टोळ टिपतो. सायंकाळी अनेक भोवते एकाच गवताळ तुकड्यात जमिनीवर रात्रीचा थारा घेतात. डोंबारी चंडोल उंच जाऊन कोलांट्या घेत खाली येतो, म्हणून त्याला हे नाव. धाविक दहा पावले धावतो, थबकतो, मातीवर चोच मारतो आणि पुन्हा धावतो. पखुर्डीची जोडी मातीत अशी मिसळून जाते की, ती पायाखालून उडेपर्यंत दिसतच नाही. आणि टिटवी तर सर्वांच्याच ओळखीची. तिने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊसमान चांगले, असे जाणती माणसे अजूनही सांगतात.

टिटवी देखील समुद्र आटविते, अशी म्हण आहे. समुद्राचे राहो, उन्हाशी तिचा जो झगडा चालतो, तो मात्र पाहण्याजोगा आहे. एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तपमान ३८-३९ अंशांवर असता उघड्या काळ्या मातीचे तपमान पन्नाशी ओलांडते. अंड्यातील जीवाला एवढी उष्णता फार वेळ सोसत नाही. त्या वेळी टिटवी अंड्यांवर बसलेली दिसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठी. जवळ पाणी असेल तर ती पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांना ओलावा देते. पखुर्डीचा नर याहून एक पाऊल पुढे आहे. सकाळी पाण्यावर गेला की तो पोटाची पिसे भिजवून घेतो आणि ते पाणी दूरवरच्या पिलांपर्यंत पोहोचवितो. पिले त्याची पिसे चोखून तहान भागवितात.

आता या व्यवस्थेत एखादा हौशी पाहुणा कसा शिरतो, ते पाहावे. त्याच्या गळ्यात दुर्बीण आहे, हातात लांब नळीचा कॅमेरा आहे, आणि मनात कोणाचेही वाईट करण्याचा लवलेशही नाही. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागते तेव्हा त्याला वाटते, पक्षी किती जवळ आला! तो अर्धा तास तेथेच उभा राहतो. त्या अर्ध्या तासात वीस पावलांवरची अंडी उन्हात उघडी पडलेली असतात. धाविकाच्या बाबतीत तर एवढीही सूचना मिळत नाही. माणूस दुरून दिसताच तो अंड्यांवरून मुकाट्याने निघून जातो, आणि येथे घरटे होते हे पाहुण्याला कधीच कळत नाही. चुकून ते सापडलेच, तर छायाचित्रासाठी आड येणारे गवत बाजूला सारले जाते. तीच सावली होती, याचे भान राहत नाही. वर बसलेला कावळा हे सर्व पाहत असतो. माणसाने दाखविलेली जागा त्याला पुन्हा शोधावी लागत नाही. काही जण खिशातल्या यंत्रावर पक्ष्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावतात. बिचारा नर आपल्या हद्दीत दुसरा कोण आला म्हणून चवताळून येतो आणि नसलेल्या शत्रूशी लढण्यात सकाळ घालवितो. याला निरीक्षण म्हणणे कठीण आहे.

ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे, त्यांना उपद्रव देणे, याचाही समावेश आहे. बंदूक न उचलताही माणूस शिकारी ठरू शकतो, हे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते.

या मुलखाने एक पाखरू गमावले आहे. काळ्या जमिनीला कन्नडमध्ये ‘एरे’ म्हणतात आणि माळढोकाला ‘एरेभूत’, म्हणजे काळ्या रानाचे भूत. मीटरभर उंचीचा हा पक्षी बहुधा एकच अंडे घालतो, तेही जमिनीवर. धारवाडच्या दक्षिणेस राणेबेन्नूर येथे १९७४ मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले. माळढोकही तेथे असे. परंतु गवताळ रान म्हणजे ओसाड रान, अशी त्या काळची समजूत. त्या भूमीवर मोठ्या प्रमाणात नीलगिरीची लागवड झाली. झाडे वाढली, माळ आक्रसला आणि माळढोक दिसेनासा झाला. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये झालेल्या अभयारण्याची कथा याच्या उलट. ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावेच्या गावे आली, जमिनींचे व्यवहार अडले आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात पाखरू शतकानुशतके वावरले, त्याच्याच मनात त्याच्याविषयी अढी बसली. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले; परंतु पक्षी परतले नाहीत. आज साऱ्या देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

एके ठिकाणी रान बदलले, दुसऱ्या ठिकाणी शेतकऱ्याचे मन. पाहुण्यांच्या शेताचे महत्त्व येथेच आहे. नांगरावयाचा राहिलेला तो गवताळ तुकडा शेतकऱ्याला बुडीत खात्यातला वाटतो. पाहुणा त्या तुकड्यासाठी येतो आणि मुक्कामाचे पैसे देतो, तेव्हा तोच तुकडा पिकासारखा हिशेबात धरला जातो. मात्र पैसे देणाऱ्याला पाखरू दाखविलेच पाहिजे, असा यजमानाचा समज झाला, तर पाहुण्यांची पावलेच तो तुकडा उजाड करतील. म्हणून यजमानाला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. गवतात पायवाट एकच, तीही कडेने. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत मधल्या भागात कोणीही जावयाचे नाही. रातव्यावर विजेरीचा झोत टाकावयाचा नाही. भोवत्यांच्या थाऱ्याकडे सायंकाळी गाडी न्यावयाची नाही. घरट्याजवळ खुणेची काठीदेखील रोवू नये. काठी माणसाला सावध करते, तशी कावळ्यालाही.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण कोरड्या प्रदेशात पाहुण्यांना पाखरे जवळून दाखविण्याचा प्रामाणिक मार्ग तोच आहे. उथळ परळ, रोज घासून नव्याने भरलेला, मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवावा. पाहुण्यांनी पडवीतल्या सावलीत स्वस्थ बसावे. मग पाखरांच्या मागे धावावे लागत नाही. शेततळ्याकडेही लक्ष हवे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या कडा निसरड्या असतात. पाण्यावर आलेला जीव आत घसरला की वर येत नाही. कडेला खरखरीत पोते किंवा जाड दोर सोडून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. आणि सकाळी पखुर्ड्या पाण्यावर येतात त्या घटकेला काठावर माणसांची गर्दी नसावी. नर परत फिरला, तर तहानलेली राहतात ती पिले.

शेतकऱ्याच्या चांगुलपणावर पाखरांनी किती विसंबून असावे, याचे उदाहरण पाहावयाचे तर गदगपासून सुमारे २५ किलोमीटरवर मागडी गावी जावे. तेथील तळे शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले आहे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस नोव्हेंबरच्या सुमारास तेथे उतरतात आणि मार्चपर्यंत राहतात. तळ्यावर विश्रांती घेतात आणि आसपासच्या शेतांत चरतात. चरतात म्हणजे कोणाचे तरी पीकच खातात. तरी गावाने ते सोसले आहे. जानेवारी २०२४ मध्ये या तळ्याची रामसर यादीत नोंद झाली, त्याआधी कितीतरी वर्षे ते हंस येतच होते.

नवलगुंदच्या वाटेवरील काळ्या रानात उन्हाळी नांगरट चालू असता कुळवापुढे टिटवीची अंडी आली, तर तेवढी जागा सोडून बैल वळविणारे शेतकरी अजूनही आढळतात. शेताच्या मधोमध बिनानांगरलेल्या मातीचे एक लहानसे बेट राहते. पाहुण्याने बांधावर उभे राहून ते दुर्बिणीतून पाहावे, आणि ऊन चढण्यापूर्वी माघारी वळावे.