केनियाला निघण्यापूर्वी



जून लागला की माझ्या दवाखान्यात एका वेगळ्याच प्रकारचे पेशंट येऊ लागतात. त्यांना झालेलं काहीच नसतं. बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेलं जोडपं असतं, हातात टूर कंपनीची फाइल असते आणि बोलण्यात सगळा मसाई मारा असतो. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास टांझानियातल्या सेरेंगेटीतून लाखो विल्डबीस्ट मारा नदी ओलांडून केनियात येतात, ते बघायला ही मंडळी निघालेली असतात. सिंह गाडीच्या किती जवळ येतो, जीप उघडी असते का, असं सगळं विचारून होतं. मग मी विचारतो, मलेरियाच्या गोळ्यांचं काय ठरलं? त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "डॉक्टर, आपल्याला काय डासांचं कौतुक! जन्म डासांतच गेला."

आज मला बोलायचंय ते मुख्यतः ह्या उत्तराबद्दल.

सिंहाची भीती अगदीच निराधार आहे असं नाही. मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा लोहमार्ग इंग्रजांनी 1896 ते 1901 ह्या काळात घातला, तो हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांकडून. त्यात 1898 साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना तंबूतून ओढून नेलं. ह्या सिंहांवर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. रेल्वेच्या नोंदीप्रमाणे त्यांनी मारलेले हिंदी मजूर होते 28. आणि त्या संपूर्ण कामावर मेलेले हिंदी मजूर होते अडीच हजारांच्या घरात. मोठा वाटा अपघातांचा आणि मलेरिया, हगवण अशा रोगांचा. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढला नाही. ही माणसंही डासांच्याच मुलखातून गेली होती, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे शहरात जो मलेरिया सहसा दिसतो तो व्हायवॅक्स जातीचा. हुडहुडी भरते, माणूस आठवडाभर गळून जातो, पण बहुतेक वेळा उठून कामाला लागतो. केनियातला मलेरिया जवळजवळ सगळा फाल्सिपेरमचा. आपल्याकडे गडचिरोलीच्या डॉक्टरांना तो चांगला ठाऊक आहे. हा परजीवी मेंदूवर, मूत्रपिंडांवर जातो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस एका दिवसात अत्यवस्थ होऊ शकतो. लहानपणी मलेरिया होऊन गेला म्हणून पुण्या-मुंबईच्या माणसाला ह्यापासून काडीचंही संरक्षण मिळत नाही. घरात पडून असलेल्या क्लोरोक्वीनच्या गोळ्याही तिथे चालत नाहीत, तिथला परजीवी त्यांना दाद देत नाही.

प्रतिबंधाच्या गोळ्या वेगळ्या आहेत, आणि त्या माणूस पाहून द्याव्या लागतात. डॉक्सिसायक्लिन रोज एक, जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची. ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. घेऊन लगेच आडवं झालात तर अन्ननलिकेत अडकून जखम करते, शिवाय उन्हाने कातडी लवकर भाजते. मेफ्लोक्वीन आठवड्यातून एकदा घ्यायची म्हणून सोयीची, पण फिट्स किंवा मानसिक आजार असलेल्याला ती देत नाहीत. ह्या दोन्ही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे घ्यायच्या असतात. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे तिसरं औषध परतल्यावर सातच दिवस पुरतं, खिशाला मात्र जड आहे. विमानातून उतरलो, आता कशाला गोळ्या, म्हणून डबी कपाटात टाकणारे पुष्कळ. परजीवी तोवर यकृतातून रक्तात उतरायचा असतो, त्याच्यासाठीच हे पुढचे दिवस.

नैरोबी साधारण सतराशे मीटर उंचीवर, तिथे धोका कमी. मोंबासाच्या किनाऱ्यावर जास्त. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. तंबूच्या कॅम्पमध्ये पलंगावर मच्छरदाणी दिवसभर गुंडाळून वर बांधलेली असते आणि रात्री ती कर्मचारी सोडून देतात. नुसती लोंबती ठेवू नका, चारही बाजूंनी गादीखाली खोचा, आणि आत शिरण्यापूर्वी बॅटरी मारून एखादा डास आधीच मुक्कामाला नाही ना ते पाहा. डास पळवणारं क्रीम घेताना त्यात डीईईटी किती टक्के आहे ते वाचा, वीस ते पन्नास टक्के असावं. उन्हाचं क्रीम आधी, हे त्यावर.

आता पिवळं कार्ड, म्हणजे पीतज्वराच्या लसीचा दाखला. पीतज्वर, म्हणजे आपण ज्याला सर्रास यलो फिवर म्हणतो, तो भारतात नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यू त्याच्याच कृपेने होतो. उद्या हा विषाणू इथे आला तर वाहन तयारच उभं आहे. म्हणून आपलं सरकार ह्या बाबतीत कडक आहे आणि ते योग्यच आहे. केनियातून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. कार्ड हातात पडलं की तिथेच उभं राहून पासपोर्ट नंबर, नावाचं स्पेलिंग, लसीचा बॅच नंबर, शिक्का आणि डॉक्टरांची सही तपासा. 2016 पासून हा दाखला आयुष्यभर चालतो, जुन्या कार्डावर दहा वर्षं लिहिलेली असली तरी. विमान आदिस अबाबावरून बदलत असाल तर नियम काय, हेही आधी विचारून घ्या.

पण एक गोष्ट टूरवाले सांगतीलच असं नाही. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये तिचे गंभीर दुष्परिणाम क्वचित, पण तरुणांपेक्षा जास्त दिसतात. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल, कॅन्सरची औषधं किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर ती घेऊ नये. अशांना डॉक्टर सूट देणारं लेखी प्रमाणपत्र देऊ शकतात. रांगेत उभं राहण्याआधी आपली सगळी औषधं डॉक्टरांसमोर मांडा. लाजून मधुमेह लपवणारी माणसं मी पाहिली आहेत, तसं करू नका.

इन्शुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. सामानाच्या कप्प्यात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकतं. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, वेळा बदलताना फारसा त्रास होत नाही. खरी अडचण वेगळीच. जंगलात वाटेल तिथे गाडीतून उतरता येत नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वर लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असतेच. दुपारी चक्कर, रात्री लघवीची जळजळ. पाणी प्या आणि ड्रायव्हरला बेलाशक सांगा, त्याला सुरक्षित जागा माहीत असतात. निळे-काळे कपडे मात्र घरी ठेवा, त्सेत्से माशी त्या रंगांवर धावून येते. लॉजवरच्या माकडांना चिवडा देऊ नका. चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

आता परत आल्यावरचं. तुम्ही ऑगस्टमध्ये परतता तेव्हा इथे पावसाळी तापाची साथ भरात असते. दवाखान्यात डेंग्यू, लेप्टो, व्हायरल ह्यांची रांग. दहा-पंधरा दिवसांनी तुम्हाला ताप आला तर तुम्हीही त्याच रांगेतले एक, आणि गर्दीत डॉक्टरही तसंच समजणार. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी शंभर टक्के खात्री कुणाचीच नसते, आणि ताप कधी कधी महिन्या-दोन महिन्यांनीही येतो. म्हणून तोंड उघडताच पहिलं वाक्य, "मी केनियाहून आलोय." मलेरियासाठी रक्त त्याच दिवशी तपासायला सांगा. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ताप चालूच राहिला, तर बारा ते चोवीस तासांत पुन्हा तपासा. आणि ताप रात्री चढला, तर सकाळी बघू म्हणून झोपू नका, तेव्हाच दवाखाना गाठा.