सरकारने पोलिसांची चौकशी केली तेव्हा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपले वाडवडील पोलीस ठाण्याबद्दलही तेच सांगत. घरातली भांडी गेली, गोठ्यातली बैलजोडी गेली, तरी पुष्कळदा माणूस म्हणे, "चोराने नेले ते नेले, आता शिपाई आला तर उरलेलेही जाईल." हा खेड्यातल्या माणसाचा निव्वळ अडाणीपणा होता काय? नव्हता. आणि हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खुद्द इंग्रज सरकारने नेमलेल्या मंडळाने ते लिहून ठेवले आहे.

हे मंडळ म्हणजे १९०२ च्या जुलै महिन्यात लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने नेमलेले पोलीस कमिशन. त्याचे अध्यक्ष होते सर अँड्र्यू फ्रेझर. हे नाव आपल्याला परके वाटेल, पण गृहस्थ आपल्याच प्रांतातले अधिकारी. त्या काळी आपला चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्यातच आले. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा निघाला. फ्रेझरसाहेबांची नोकरीतली बहुतेक वर्षे या मध्यप्रांतातच गेली आणि शेवटी ते इथले चीफ कमिशनर झाले. तेव्हा मालगुजार, मुकद्दम आणि कोतवाल यांच्यावर चालणारे खेडे त्यांना चांगले ठाऊक होते.

आता ही चौकशी का करावी लागली, ते पाहू. १८५७ च्या उठावाने सरकार हादरले. १८६० मध्ये एक कमिशन बसले आणि त्याच्या शिफारशींवरून १८६१ चा पोलीस कायदा झाला. शिपाई, हेडकॉन्स्टेबल, इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडेंट अशी उतरंड त्यातून उभी राहिली. पण त्या कायद्यामागे मुख्य चिंता होती राज्य टिकविण्याची. रयतेला न्याय मिळतो की नाही, हा प्रश्न दुय्यम होता. चाळीस वर्षांनी तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला स्वतःच्याच खात्याकडे पाहणे भाग पडले.

कमिशन प्रांतोप्रांती हिंडले, साक्षी घेतल्या, आणि मे १९०३ मध्ये अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष कडक होता. पोलीस दल कार्यक्षम नाही, त्याला नीट शिक्षण नाही, त्याच्यावर पुरेशी देखरेख नाही. लोक त्याला लाचखाऊ आणि जुलमी समजतात, त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही. सरकारला हे इतके झोंबले, की अहवाल जवळजवळ दोन वर्षे दप्तरात राहिला आणि १९०५ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला.

दोष दाखवून कमिशन थांबले नाही, त्याने कारणेही शोधली. पहिले कारण पगाराचे. शिपायाला इतका तुटपुंजा पगार, की त्यावर प्रामाणिकपणे संसार चालणे कठीण. त्याला महिना निदान आठ रुपये द्यावेत, असे कमिशनने सुचविले. दुसरे कारण आकड्यांचे. ज्या ठाण्यात गुन्हे कमी नोंदले जातात आणि शिक्षा जास्त होतात, तो ठाणेदार चांगला, असे वरिष्ठ मानीत. मग ठाणेदार काय करणार? फिर्याद घ्यायचीच नाही. आणि घेतलीच तर कुणाकडून तरी कबुली काढायची. शिक्षक बंधूंना हे चटकन उमजेल. निकालाचा टक्का हीच शाळेची एकमेव कसोटी ठरविली, तर कच्च्या मुलाला परीक्षेला बसू न देणारा एखादा गुरुजी निघतोच!

तिसरी गोष्ट आपल्या खेड्यांची. गुन्ह्याची खरी माहिती गावात असते, ठाण्यात नसते. म्हणून गावच्या मुखत्याराला जबाबदारी द्या, मान द्या. गावच्या चौकीदाराला पोलिसांचा हरकाम्या करू नका, तो गावाचाच सेवक राहू द्या, असे कमिशनने सांगितले. जंगलमुलखात हे किती खरे आहे पाहा. इथे पावसाळ्यात नाले भरले की गावाचा ठाण्याशी संबंध तुटतो. आजही पोलीस पाटलाची नेमणूक महसुली अधिकारी करतात, पोलीस खाते करीत नाही. १९६७ च्या आपल्या ग्रामपोलीस कायद्यात तो जुना विचार असा टिकून राहिला आहे.

इतके सगळे खरे बोलणारे हे कमिशन कुठे कमी पडले? शिक्षणशाळा निघाल्या, फौजदारांची थेट भरती सुरू झाली, प्रांतोप्रांती गुप्त पोलीस खाती उभी राहिली. पण सुपरिंटेंडेंटच्या जागा विलायतेत निवडलेल्या गोऱ्यांसाठीच राहिल्या. हिंदी माणसासाठी डेप्युटीची पायरी तेवढी नवी केली. आणि पोलिसांनी उत्तर द्यायचे ते वरच्या साहेबाला. खालच्या रयतेला उत्तर देण्याची सोय कुठेच नव्हती. गुप्त पोलीस तर पुढे देशभक्तांच्या मागावरच राहिले.

या उणिवेची किंमत आपल्याच जिल्ह्याने मोजली. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बालाजी रायपूरकर हा तरुण पडला. संतापलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. ते घडायला नको होते. पण पुढे काही दिवसांत फौज आणि पोलीस गावात आले. पुरुषांना पकडून नेले. आणि मागे राहिलेल्या बायाबापड्यांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या.

चिमूरच्या बायकांचे मागणे एवढेच होते, की चौकशी करा. त्यांच्यासाठी सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी पुढे आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी आपल्या यवतमाळचे बापूजी अणे होते. भन्साळी दिल्लीस जाऊन त्यांना भेटले. उपयोग होईना, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभिले. ते त्रेसष्ट दिवस चालले. या उपोषणाच्या बातम्यांवर सरकारने बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी ६ जानेवारी १९४३ ला अंक काढले नाहीत. १२ जानेवारीला उपोषण सुटले. चिमूरच्या बातम्यांवरची बंदी उठली, पण मागितलेली चौकशी झाली नाही.

श्रोते हो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. १९०२ मध्ये सरकारला स्वतःला गरज वाटली, तेव्हा देशभर चौकशी झाली. १९४२ मध्ये एका गावाने चौकशी मागितली, तेव्हा दार बंद. चौकशी सरकारच्या मर्जीवर असेल तर ती मेहेरबानी ठरते. लोकांना ती मागता आली आणि मागितल्यावर मिळाली, तरच तो हक्क.

आज तो हक्क आपल्या हातात काही प्रमाणात तरी आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद ठाण्याने लिहून घेतली पाहिजे आणि तिची नक्कल फिर्यादीला फुकट दिली पाहिजे. ठाणेदाराने नकार दिला, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे टपालाने तक्रार पाठविता येते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीवर शाबीत करता येत नाही. हे संरक्षण १८७२ पासूनचे असून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी राज्यात प्राधिकरणाचीही तरतूद आहे.

पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. ज्या बाईला स्वतःची फिर्याद वाचता येत नाही, तिला ती कुणी तरी वाचून दाखविली पाहिजे. अंगठा उठविण्यापूर्वी "यात काय लिहिले आहे?" असे विचारायला तिला कुणी तरी शिकविले पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींनो, गावात हे काम तुमच्याशिवाय दुसरे कोण करील? भूगोलाच्या तासाला आपण जिल्ह्याचा नकाशा काढून घेतो. त्याच वर्गात एक दिवस फिर्याद कशी लिहावी, हेही मुलांकडून लिहून घ्या. ते कागद घरी जातील, चुलीपाशी वाचले जातील. चिमूरच्या आयाबहिणींना जे मिळाले नाही, ते मागण्याचे बळ त्यातूनच पुढच्या पिढीला येईल.